आभार कोणाचे मानावे?

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत आभारदिन पाळतात. पानगळ सरत आलेली असते, धान्य घरात आलेले असते आणि दूरदूर पांगलेली मुले आईवडिलांच्या पंगतीस येतात. सृष्टीने व आप्तांनी दिलेल्या सुखाबद्दल ईश्वराचे आभार मानावे, हा त्यातील हेतू.

या प्रथेचे मूळ १६२१ सालच्या प्लिमथ येथील सुगीत सांगतात. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या सुमारे शंभर जणांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले होते. उरलेल्यांना मका पेरावयास शिकविले ते टिस्क्वांटम नावाच्या आदिवासी मनुष्याने. त्याचे स्वतःचे गाव त्याच जागी होते. साथीच्या रोगाने ते ओस पडले होते. सुगीच्या मेजवानीस वांपानोआग जमातीचे सुमारे नव्वद पुरुष उपस्थित होते.

१८६३ साली, ऐन यादवी युद्धात, लिंकन यांनी या दिवसास राष्ट्रीय रूप दिले. परंतु वांपानोआगांच्या जमिनी तोवर बहुतांशी गेल्या होत्या. म्हणूनच १९७० पासून अनेक आदिवासी त्याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळतात.

भरल्या ताटावर देवाचे नाव घेताना, ते ताट ज्याच्यामुळे भरले त्या परक्याचेही स्मरण व्हावे. ज्याचे घर बुडाले त्यानेच दुसऱ्यांची घरे जगविली, हे विसरून केलेली प्रार्थना अपुरीच होय.