फुजी निद्रिस्त आहे, हे कुणी सांगितलं?

"1707 नंतर एकदाही फुटलेला नाही, म्हणजे निद्रिस्तच. सकाळी चढू, रात्री जेवायला टोकियोत परत!" फुजीचे बेत असेच ठरतात. त्यातलं साल बरोबर आहे, बाकी सगळं तपासायला हवं.

गेल्या सुमारे 10,000 वर्षांत फुटलेला किंवा आज जोरात वाफा सोडणारा डोंगर जपानची हवामान संस्था जागृतच धरते. असे 111 ज्वालामुखी आहेत आणि फुजी त्यांतलाच एक. 'निद्रिस्त' हा वेगळा कप्पा तिथे आता वापरत नाहीत. ओन्ताके हा डोंगरही शांत समजला जायचा. 1979 साली तो फुटला. पुढे 27 सप्टेंबर 2014 ला, शनिवारी, ऐन जेवणाच्या वेळी शिखरावर गर्दी असताना पुन्हा फुटला. 63 जण मृत वा बेपत्ता झाले. लाव्हाचा थेंबही आला नव्हता. जमिनीखालचं पाणी तापून वाफ झालं आणि त्या वाफेने दगड उडवले. त्या दिवशी इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची, म्हणजे 1 होती.

फुटला तर माथ्यावरूनच फुटेल, हेही खरं नाही. 1707 चा होएई उद्रेक आग्नेय उतारावर झाला. राख सुमारे 100 किलोमीटरवरच्या एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत पडली. त्याचं मुख्य विवर माथ्यावरच्या विवराहून मोठं आहे. फुजिनोमिया वाटेच्या पाचव्या टप्प्यावरून थोडं चाललं की आपण त्याच्या काठावर असतो. एका दिवसात मित्रांबरोबर जायचं तर मी शिखर सोडून इथेच जाईन.

"आम्ही सह्याद्री कोळून प्यायलोय" हा खास आपला युक्तिवाद. सह्याद्रीही लाव्हाचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहून थरांवर थर बसलेला, घट्ट. फुजीच्या उतारावर सुटी, सच्छिद्र खडी असते. पाऊल टाकलं की अर्धं मागे घसरतं. शिवाय कळसूबाई 1646 मीटर, आणि फुजीची योशिदा वाट सुरूच होते सुमारे 2300 मीटरवर. 3776 मीटरच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. डोकं ठणकणं, मळमळणं हे तब्येतीने ठणठणीत माणसालाही होतं. घाईने चढणाऱ्याला तर जास्तच. ऑगस्टमध्येही वर थंडी असते, तेव्हा गरम कपडे आणि रेनकोट हवेतच.

रात्रभर चढून सूर्योदय गाठायचा बेतही आता सहज जमत नाही. 2025 पासून चढाईला 4000 येन लागतात, आणि वरच्या झोपडीत आरक्षण नसेल तर योशिदाचं फाटक दुपारी 2 ते पहाटे 3 बंद असतं. चढायला साधारण सहा तास आणि उतरायला चार धरा. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात ठेवा.

उतरताना आठव्या टप्प्याजवळ फाटा येतो. तिथे पाट्या वाचा: योशिदाऐवजी सुबाशिरीची वाट धरली, तर डोंगराच्या दुसऱ्या बाजूला उतराल, आणि तुमची बस भलतीकडेच उभी असेल.