पाठवारा
पाठवारा : (अनुवात). विमानाच्या मार्गक्रमणाच्या दिशेने, मागून पुढे वाहणारा वारा. समोरून येणाऱ्या वाऱ्यास सामोरा वारा (प्रतिवात), तर बाजूने येणाऱ्यास आडवा वारा म्हणतात. हलक्या विमानाचा स्वतःचा वेग कमी असल्याने लांब पल्ल्याच्या उड्डाणात वाऱ्याचा परिणाम त्याच्यावर मोठ्या विमानापेक्षा प्रमाणाने पुष्कळच अधिक होतो.

वेगांतील संबंध : विमान ज्या हवेतून जाते त्या हवेच्या सापेक्ष त्याचा जो वेग असतो त्यास हवाई वेग व जमिनीच्या सापेक्ष असलेल्या वेगास भूवेग म्हणतात. ताशी २०० किमी. हवाई वेगाच्या विमानास ताशी ६० किमी.चा पाठवारा मिळाल्यास भूवेग २६० किमी. होतो, तोच वारा समोरून आल्यास १४० किमी. उरतो. हा वारा काटकोनात आडवा असेल, तर मार्गावर राहण्यासाठी विमानाचे तोंड वाऱ्याकडे सु. १७·५ अंशांनी वळवावे लागते व भूवेग सु. १९१ किमी. होतो. म्हणजे निव्वळ आडवा वाराही विलंबच करतो.

जाताना मिळालेला लाभ येताना भरून निघतो, असा समज सर्वत्र आढळतो; परंतु तो बरोबर नाही. ५२० किमी. अंतर जाऊन परत येण्यास वरील विमानास शांत हवेत ५ तास १२ मिनिटे लागतील. ६० किमी.च्या वाऱ्यात जाण्यास २ तास व परतण्यास सु. ३ तास ४३ मिनिटे, म्हणजे एकूण सु. अर्धा तास अधिक लागेल. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, हे याचे कारण होय.

परतीचा निर्णय : पुढे जाणे व मागे फिरणे या दोहोंस जेथून सारखाच वेळ लागतो तो समवेळ बिंदू शांत हवेत मार्गाच्या मध्यावर असतो. पाठवाऱ्यात तो प्रस्थानस्थानाकडे सरकतो. वरील उदाहरणात तो केवळ १८२ किमी.वर येतो, तेथून दोन्हींकडे १ तास १८ मिनिटे लागतात. राखीव साठा वगळून ४ तास पुरेल इतके इंधन असेल, तर शांत हवेत ४०० किमी. जाऊन परत फिरता येते. पाठवाऱ्यात हे अंतर ३६४ किमी. होते व ते १ तास २४ मिनिटांतच गाठले जाते. खुणेची ठिकाणे अपेक्षेपूर्वी येत असल्याने वैमानिकास सर्व सुरळीत आहे असे वाटते आणि पुढे हवा बिघडत असतानाही तो पुढेच जात राहतो. परतण्याचा विचार होतो तेव्हा इंधन अपुरे पडण्याचा धोका उद्‌भवतो. म्हणून भूवेग मार्गावरील दोन ज्ञात ठिकाणांमधील वेळेवरून वारंवार काढणे व परतीचा बिंदू उड्डाणापूर्वीच ठरविणे आवश्यक असते.

उंची व वेग यांची निवड : भूपृष्ठाशी होणाऱ्या घर्षणामुळे खालच्या थरांतील वारा मंद असतो व सामान्यतः उंचीबरोबर वाढतो. त्यामुळे पाठवाऱ्यात अधिक उंचीवरून जाणे सोयीचे ठरते. पाठवाऱ्यात हवाई वेग किंचित कमी ठेवल्यास इंधनाची बचत होते. सामोऱ्या वाऱ्यात तो वाढवावा लागतो. दक्षिण भारतीय द्वीपकल्पावर जुलै महिन्यात सु. १·५ किमी. उंचीवर पश्चिमी वाऱ्याचा झोत आढळतो, असे जोसेफ व रामन यांनी १९६६ मध्ये दाखविले. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानास तो अनुकूल असला, तरी त्याच काळात सह्याद्रीचे माथे ढगांनी झाकलेले असतात, हे विसरून चालत नाही. जोरदार वारा डोंगररांग ओलांडताना वाऱ्याकडील उतारावर वर चढतो व पलीकडील बाजूस खाली उतरतो. तेथे तीव्र क्षोभ निर्माण होऊन विमानाची उंची झपाट्याने घटू शकते.

अवतरण : विमान शक्यतो वाऱ्यास सामोरे ठेवूनच उतरवितात. जमिनीस टेकताना हवाई वेग ताशी १०० किमी. असल्यास २० किमी.च्या सामोऱ्या वाऱ्यात भूवेग ८० व तितक्याच पाठवाऱ्यात १२० किमी. असतो. थांबण्यास लागणारी धाव भूवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती दुसऱ्या स्थितीत सव्वादोन पट होते. जमिनीलगत पाठवाऱ्यात वळताना भूवेग मोठा दिसतो व हवाई वेगही पुरेसा आहे असा भास होतो. या भासामुळे वैमानिकाने वेग कमी केल्यास पंखांवरील उत्थापन नाहीसे होऊन विमान कोसळण्याचा संभव असतो. म्हणून अशा वेळी नजर हवाई वेगमापकावरच ठेवावी लागते.

ऐतिहासिक उदाहरणे : उत्तर अटलांटिक महासागरावर मध्य अक्षांशांत प्रामुख्याने पश्चिमी वारे वाहतात. १९१९ मध्ये ॲल्कॉक व ब्राउन यांनी न्यू फाउंडलंडहून आयर्लंडपर्यंत आणि १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग यांनी एकट्याने न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत सु. ३३·५ तासांत विनाथांबा उड्डाण केले. ही उड्डाणे पश्चिमेकडून पूर्वेकडे झाली. उलट दिशेने विमानाने हा महासागर प्रथम १९२८ मध्ये ‘ब्रेमेन’ या विमानातून ओलांडला गेला, तर हलक्या विमानातून एकट्याने ही कामगिरी १९३२ मध्ये जिम मॉलिसन यांनी ‘पस मॉथ’ विमानाने केली. महासागराची रुंदी तीच असली, तरी वाऱ्याविरुद्ध ती ओलांडण्यास अधिक वेळ व म्हणून अधिक इंधन लागते.