घरचं काम आणि घड्याळाचे काटे

नशिराबादहून जळगावला ड्युटीला जाणारा माणूस संध्याकाळी घरी आला, की त्याचं काम संपतं. पण घरी बसून शिलाई करणारीचं काम कधी संपतं? ‘ही घरीच तर असते,’ म्हणून दळण तिच्याकडे, पाहुणे तिच्याकडे. शेवटी मशीनवर बसायला रात्रीचे दहा वाजतात.

आपल्या वेळेनं काम करण्याचा फायदा खरा आहे. नळाला पाणी आलं की उठता येतं, आजारी सासूबाईंकडे बघता येतं, कापूस वेचणीच्या दिवसांत हातातलं काम कमी करता येतं. ठरलेल्या वेळेच्या नोकरीत हे जमत नाही. पण त्या नोकरीला शेवट असतो. १९४८च्या कारखाना कायद्यानं दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. त्यापुढच्या कामाला दुप्पट दर ठरवला. घरी नगावर काम करणारीचे तास मात्र कोणी मोजत नाही. म्हणून ते तिनंच मोजायचे.

दोन्हींचा मेळ घालता येतो. लिज्जत पापडाचं उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केलं. तिथली पद्धत साधी आहे. सकाळी केंद्रावर जायचं, आदल्या दिवशीचे पापड द्यायचे, मळलेलं पीठ घ्यायचं आणि घरी येऊन लाटायचं. देण्याघेण्याची वेळ ठरलेली, लाटण्याची वेळ आपली. पीठही मोजून मिळतं, त्यामुळे आजचं काम कुठे संपणार हे आधीच कळतं.

आपणही तीन गोष्टी करू या.

पहिली, तासाचा हिशेब. समजा, फॉल-पिकोला साडीमागे ५० रुपये मिळतात. दिवसात चार साड्या म्हणजे २०० रुपये. फॉल आणि दोऱ्याचे ८० गेले, उरले १२०. वेळ लागला सहा तास. म्हणजे तासाला २० रुपयेच पडले! हा आकडा समोर असला की दर वाढवून मागायला तोंड उघडतं.

दुसरी, साडी घेण्या-देण्याची वेळ ठरवून दारावर पाटी लावायची.

तिसरी, घरच्यांना सांगायचं, की दुपारी दोन ते पाच मी कामावर आहे. या वेळात चहा दुसऱ्यानं ठेवायचा.

घरून लॅपटॉपवर नोकरी करणाऱ्या लेकी-सुनांनाही हेच लागू आहे. त्यांची वेळ कंपनीनं ठरवलेली असते, पण वेळ संपल्यावरही फोन वाजतच राहतो. कामाला लागताना ‘किती वाजेपर्यंत?’ हे आधी विचारून घ्यावं.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एका आठवड्याचे तास वहीत लिहून आणा. सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडू, आणि दर काय मागायचा ते मिळून ठरवू. एकटीला ग्राहक तुटायची भीती वाटते. सगळ्यांनी एकच दर सांगितला तर ती भीती कमी होते.