लाल गाळ आणि विहिरीचे पाणी

कोल्हापूर जिल्ह्यातील सड्यांवरचे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जाते, हे आजऱ्यात कोणाला नव्याने सांगायला नको. पण त्यातून ॲल्युमिना काढून घेतल्यावर मागे काय उरते, हे कामगारालाही क्वचितच सांगितले जाते. बॉक्साइट दळून कॉस्टिक सोड्यात उष्णतेने व दाबाने शिजवतात. ॲल्युमिना विरघळते, लाल गाळ मागे राहतो. १ टन ॲल्युमिन्यामागे हा गाळ साधारण १ ते १॥ टन निघतो. तो कितीही धुतला तरी त्यातला सोडा पुरता जात नाही. २०१० साली हंगेरीत आयका येथे अशा गाळाच्या तळ्याचा बांध फुटला आणि १० माणसे दगावली.

बांध फुटला तर जगाला दिसते. तळातून झिरपणारा सोडा दिसत नाही. म्हणून तळ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला निरीक्षणाच्या विहिरी हव्यात. पावसाळ्याआधी व नंतर त्यांतील पाण्याची पातळी, क्षारता आणि सोडियम मोजावे. वरच्या विहिरीचा आकडा स्थिर आणि खालच्या विहिरीचा चढता दिसला, तर तळे झिरपते आहे असे समजून शोध घ्यावा.

भरलेल्या तळ्यावर नुसती माती पसरून भागत नाही. जिप्सम घालून क्षारता उतरवावी, शेणखत मिसळावे, क्षार सोसणारे गवत लावावे, झाडे त्यानंतर. मात्र गवत हिरवे झाले म्हणून विहिरींची मोजणी थांबवू नये.

मजुरीचा हिशेब आपण मागतो. तसाच पाण्याचा हिशेबही आपल्या भाषेत, फाटकावरच्या फळ्यावर लिहून मागितला पाहिजे. जमिनीखालचे पाणी कारखान्याच्या कुंपणापाशी थांबत नाही.