साग संपतो तिथे

पचमढीच्या पठारावर मार्चची सकाळ. पायाखाली सागाची वाळकी पानं चुरचुरतायत, समोरच्या उतारावर सालाला बहर आलाय. सागाकडून हाक येते: कुक्-काया-काया-कुक. सह्याद्रीत कानाला सवय झालेला हा राखी रानकोंबडा. तेवढ्यात सालातून दुसरी बांग, थेट गावातल्या कोंबड्याची, फक्त शेवटचा सूर मध्येच तुटलेला. हा तांबडा. एक दक्षिणेचा, दुसरा उत्तर-पूर्वेचा. दोघांच्या हद्दी भिडतात अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

राखी आधी उघड्यावर येतो. पाचोळा उकरून वाळवी टिपतोय. मान वळली की पिसांच्या टोकांवरचे पिवळट ठिपके लाखेच्या थेंबांसारखे चमकतात. या ठिपक्यांपायीच त्याचे हाल झाले. सामन, ट्राउट पकडायच्या गळावर खोट्या माश्या बांधायला साहेबलोकांना हीच पिसं हवी असत. आता ती देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. तो पुन्हा आरवतो, पण पंख फडफडवत नाही.

तांबडा फडफडवतो. वारुळावर चढतो, पंख दणादण आपटतो, मग बांग. केशरी-सोनेरी मान, शेपटीच्या बुडाशी पांढरा ठिपका.

“गाँव का होगा,” वाटाड्या कुजबुजतो.

मी दुर्बीण पायांवर आणतो. पाटीच्या दगडासारखे करडे. गावठी कोंबड्यांचे पाय बहुधा पिवळे असतात, आणि गंमत म्हणजे तो पिवळेपणा तांबड्याकडून आलेलाच नाही. डार्विनने पाळीव कोंबडीचा पूर्वज म्हणून तांबड्याचं नाव घेतलं, ते बव्हंशी खरंही आहे. पण पिवळ्या कातडीचं जनुक राखीकडचं, हे 2008 च्या संशोधनात दिसलं. कोंबडीच्या वंशावळीत राखीला कुणी धरत नाही, याचा मला जरा रागच आहे.

करवंदीतून मादी निघते. पोट पांढरं, पिसांना काळपट कडा, पाय पिवळे. म्हणजे राखीची, तांबड्याची मादी नुसती मातकट असते. तांबडा वारुळावरून उतरतो, एक पंख जमिनीपर्यंत पाडून तिच्याभोवती तिरका फेर धरतो. ती ढुंकूनही बघत नाही. वाळवीवर तुटून पडते, तेही राखीच्या पुढ्यातल्या.

वाटाड्याला हसू आवरत नाही, आणि तिघंही एकदम सागात उडतात.