जुन्या गाडीला तेल कोणते घालावे?
(शेतकी खात्याकडून)



शेतकी खात्याने बेणे, खोडकीड आणि पाणी यांवर लिहावे, मोटारीच्या तेलावर कशाला, असे कोणाच्याही मनात येईल. परंतु गटाच्या बैठकीत उसाचे बोलणे संपले की चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो. "साहेब, हंगाम संपला, पोरांना सुट्टी लागली. औंदा काशीदला जाऊन येतो म्हणतोय. गाडी जुनी हाय, थोडं तेल खाते. जरा जाड तेल टाकलं तर चालंल का?" या 'चालंल का'चे उत्तर दोन शब्दांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

काशीदच्या रस्त्याचा विचार प्रथम करू. काशीद हे अलिबाग-मुरूड रस्त्यावरचे गाव. देशावरून जाणारा माणूस बोरघाट उतरून खोपोली, पेण, अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल आणि कोर्लई असा जातो. कोणी ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून रोह्याकडून जातो. जाताना घाट उताराचा असतो, त्यामुळे गाडी खूष आणि माणसेही खूष. खरी परीक्षा परतीला होते. समुद्राच्या पातळीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे ६०० मीटर चढायचे. गाडीत पाच माणसे, मागे सामान आणि शहाळी, बाहेर मे महिन्याचा उकाडा, पुढे मालाच्या गाड्यांची रांग. दुसऱ्या गियरमध्ये इंजिन तापत जाते, आणि इंजिनाबरोबर आतले तेलही तापते. गावातून बाजारापर्यंत नेताना जे दुखणे लक्षात येत नाही, ते अशा चढाला उघडे पडते. म्हणून तेलाचा निर्णय घाटात नव्हे, घरी आठ दिवस आधी व्हावा.

तेल नेमके काय करते?

बैलगाडीच्या आसाला आपले वाडवडील वंगण घालीत. ते कशासाठी, हे कोणास सांगावयास नको. आस आणि चाकाचा तुंबा एकमेकांवर घासू नयेत म्हणून. मोटारीच्या इंजिनात तेल हे काम तर करतेच, पण आणखी चार कामे करते. पिस्टनच्या बुडाशी आणि बेअरिंगपाशी जेथे रेडिएटरचे पाणी पोचत नाही तेथील उष्णता ते वाहून नेते. जळणाची काजळी आणि धातूचा बारीक कीस धुऊन फिल्टरपर्यंत आणते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यातील फट भरून काढते, म्हणजे दाब निसटत नाही. आणि उभ्या गाडीत आतील भागांना गंज चढू देत नाही. समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत या शेवटच्या कामाचे महत्त्व वाढते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. तेल काळे पडले म्हणजे ते वाईट निघाले, असे नव्हे. घाण उचलून धरणे हे त्याचे कामच आहे. मात्र ठरलेल्या मुदतीत ते बदलले नाही, तर घाण उचलण्याची त्याची ताकद संपते आणि आत चिखल बसू लागतो.

डब्यावरचे आकडे वाचावे कसे?

खताच्या पोत्यावर १०:२६:२६ लिहिलेले असते. त्यातले नत्र किती, स्फुरद किती आणि पालाश किती, हे आपण पाहून घेतो. पोते जड आहे म्हणून खत घेत नाही. तेलाच्या डब्यावरही असेच आकडे असतात. उदाहरणार्थ, २०डब्ल्यू-४०. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एस.ए.ई.ने, ही पद्धत घालून दिली आहे.

आकडे समजण्यासाठी गुऱ्हाळावरची काकवी डोळ्यांसमोर आणा. काहिलीतून काढलेली गरम काकवी पाण्यासारखी धावते. तीच पौषातल्या पहाटे डब्यातून कलंडून धरली तरी हलत नाही. तेलाचेही तसेच आहे. पहिला आकडा आणि त्यापुढील 'डब्ल्यू' म्हणजे थंडीतला घट्टपणा, दुसरा आकडा म्हणजे तेल १०० अंश सेल्सिअसला तापल्यावरचा घट्टपणा. पहिला आकडा जितका लहान, तितके तेल गारठ्यात लवकर धावते. दुसरा आकडा जितका मोठा, तितके ते तापल्यावर जाड राहते.

२० डब्ल्यूच्या तेलाची थंडीत इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांवर घेतात, ५ डब्ल्यूची उणे ३० वर. आपल्याकडे उणे अंशांचा प्रश्नच येत नाही. म्हणून जुन्या गाड्यांना २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हे तेल वर्षानुवर्षे चालत आले आहे. तरीही पहाटे गाडी सुरू करताना ५ किंवा १० डब्ल्यूचे तेल वरच्या भागांपर्यंत लवकर पोचते, हा त्याचा फायदा आहेच. सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत इंजिनाची झीज होते, कारण रात्रभर तेल खाली उतरलेले असते.

आकड्यांशेजारची अक्षरे

आकड्यांइतकीच महत्त्वाची अक्षरे असतात. अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या, म्हणजे ए.पी.आय.च्या खुणेत पेट्रोल इंजिनासाठी 'एस'ने सुरू होणारी जोडी असते. एस.एल. ही २००१ ची, एस.एम. ही २००४ ची, एस.एन. ही २०१० ची, एस.पी. ही २०२० ची. पुढचे अक्षर म्हणजे नंतरचा दर्जा. डिझेल इंजिनासाठी 'सी'ने सुरू होणारी अक्षरे असतात, जसे सी.आय.-४.

आपल्या घरी ट्रॅक्टरसाठी आणलेला मोठा डबा गोठ्याशेजारी असतोच. "हेच थोडं गाडीत ओता" असा मोह होतो. त्या डब्यावर 'सी'बरोबर 'एस'चीही अक्षरे असतील आणि आकडे आपल्या गाडीच्या पुस्तिकेशी जुळत असतील, तर ते पेट्रोल गाडीला चालू शकते. नुसतीच 'सी'ची अक्षरे असतील तर घालू नये. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे आणि गियरचे तेल तर इंजिनात मुळीच घालू नये. मोटारसायकलचे तेलही वेगळे असते, कारण तिचा क्लच बहुधा त्याच तेलात बुडालेला असतो.

गाडी कोणती, त्यावर तेल

सर्वच जुन्या गाड्या सारख्या नाहीत. वालचंदनगरला साखर कारखाना उभारणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट व पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निघून गेली, तरी हौसेने जपलेली पद्मिनी अजून एखाद्या वाड्यात दिसते. पद्मिनी आणि अँबॅसडर यांच्या जुन्या घडणीच्या इंजिनात टॅपेट कॅमवर सपाट घासतात. त्यांना तेलातील जस्त व फॉस्फरसयुक्त द्रव्याचे संरक्षण लागते. २००४ नंतरच्या दर्जांत पातळ तेलांतील फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, कारण नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधील धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरला तो बाधतो. म्हणून पद्मिनीला महागडे ५डब्ल्यू-२० घालणे म्हणजे तिचे भले करणे नव्हे. तिला २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० च बरे.

मारुती ८०० ही डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे तिच्यातील सर्वांत तरुण गाडीलाही आता दहा वर्षांहून अधिक काळ झाला. मारुती आणि तिच्यानंतरच्या गाड्यांना त्यांच्या पुस्तिकेत दिलेलेच आकडे पाळावेत. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात गाडीचे वर्ष आणि मॉडेल सांगून विचारून घ्यावे. माती परीक्षण न करता खताचा डोस ठरवू नये असे आम्ही जे सांगतो, तेच येथे लागू आहे.

साधे की सिंथेटिक?

सिंथेटिक तेल जुन्या इंजिनाला मारते, हा समज बरोबर नाही. ते उष्णतेत अधिक टिकते आणि थंडीत लवकर धावते. मात्र ज्या इंजिनात वर्षानुवर्षे चिखल साचला आहे, त्यात नवे तेल चिखल सोडवू लागते आणि चिखलाने बुजलेली एखादी गळती उघडी होते. ती गळती तेलाने केलेली नसते. सील आधीच गेलेले असते. अशा गाडीत सहलीच्या आदल्या दिवशी तेलाचा प्रकार बदलू नये. बदलायचाच तर महिनाभर आधी बदलावा आणि खाली फरशीवर डाग पडतो का ते पाहावे.

जाड तेलाचा मोह

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडी तेल खाते म्हणून ४० च्या जागी ५० घातले तर खप थोडा कमी होतो, आवाजही दबतो. पुस्तिकेत ५० ला परवानगी असेल तर असे करण्यास हरकत नाही. पण त्याने दुखणे बरे होत नाही, फक्त झाकले जाते. उसाला करपा पडला असता वरून युरिया टाकला तर पान चार दिवस हिरवे दिसते. रोग मात्र आत वाढतच असतो.

म्हणून आधी धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. सकाळी सुरू करताच निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची सीले गेली आहेत. हे काम तुलनेने लहान आहे. चढाला जोर देताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे. दाट पांढरा धूर राहतच असेल आणि तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसत असेल, तर पाणी आत शिरत असावे. ही तिन्ही दुखणी डबा बदलून जात नाहीत. अशी गाडी कुटुंबासह घाटात नेऊ नये. मिस्त्रीला दाखवावी, नाही तर एस.टी.ने जावे. त्यात कमीपणा काही नाही.

आपले इथेनॉल आणि जुनी गाडी

एक गोष्ट आपल्या उसाशी जोडलेली आहे. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा देशाने २०२२ मध्ये गाठला, आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. त्यात आपल्या मळीचा आणि उसाच्या रसाचा मोठा वाटा आहे, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सीले या मिश्रणासाठी बनवलेली नव्हती. ती कडक झाली, फुगली किंवा भेगाळली का, हे तपासून घ्यावे. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पुरते तापत नाही, आतील ओल उडून जात नाही आणि तेल लवकर खराब होते. अशा गाडीचे तेल किलोमीटर न मोजता सहा महिन्यांनी बदलावे.

निघण्यापूर्वी

१. तेल बदलताना फिल्टरही बदलावा. जुना फिल्टर ठेवून नवे तेल घालणे म्हणजे घाण चरीतून स्वच्छ पाणी सोडणे.

२. गाडी सपाटीवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी तेलाची पट्टी पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावे. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नये. क्रँक तेलात घुसळून फेस होतो आणि फेसाने वंगण होत नाही.

३. त्याच तेलाचा एक लिटरचा डबा बरोबर ठेवावा. काशीदला पोचल्यावर आणि परत निघण्यापूर्वी पट्टी पुन्हा पाहावी.

४. डब्याचे सील पाहून, पावती घेऊनच तेल घ्यावे. रिकामा डबा भोक पाडून टाकावा, म्हणजे त्यात कोणी भेसळीचे तेल भरणार नाही.

५. गाडी पुळणीवर उतरवू नये. वाळूत चाके रुतली की जागेवरच इंजिन रेटले जाते, तेल तापते आणि भरतीचे खारे पाणी खालच्या पत्र्याला लागते. सुरूच्या सावलीत, पक्क्या जागी उभी करावी.

६. चालत्या गाडीत तेलाचा तांबडा दिवा लागला तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणू नये. बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. एखाद्या दगडाने तेलाचा चेंबर फुटला असेल तर पुढच्या काही मिनिटांत इंजिन जाम होते, आणि तेलाच्या किरकोळ खर्चाच्या जागी सगळ्या इंजिनाचा खर्च उभा राहतो.

काढलेले काळे तेल बांधावर, चरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. "तण मरतं" म्हणून ते टाकणारे आहेत. पण त्यात धातू आणि विषारी द्रव्ये असतात, आणि ती जमिनीत मुरून पाण्यात उतरतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाची गणना घातक टाकाऊमध्ये केली आहे. ते डब्यात भरून, तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

तात्पर्य इतकेच. पुस्तिकेतले आकडे, डब्यावरची अक्षरे आणि गाडीचा धूर या तीन गोष्टी पाहून तेल ठरवावे. दुकानदाराच्या शिफारशीवर आणि जाडीवर ठरवू नये. ज्या गाडीत आपली लेकरे बसणार आहेत, तिचे दुखणे झाकून घाटात नेऊ नये.

पुढील अंकात आडसाली लागणीच्या पूर्वतयारीबद्दल लिहू.

— ऊस विकास अधिकारी