वाटाण्याचा वेल आणि व्हीएफएक्स

माझ्या नातवाला विद्यापीठात दृश्यपरिणामांचे, म्हणजे व्हीएफएक्सचे, शिक्षण घ्यावयाचे आहे. ‘यात शिकण्यासारखे काय आहे?’ असे मी प्रथम म्हणालो, आणि बडोदेकर म्हणून लगेच ओशाळलो. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर आपल्याच कलाभवनात आले. छायाचित्रणाचे धडे त्यांनी येथे गिरविले. १९१२ मध्ये इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीतील वाटाण्याची वाढ अंतराअंतराने एकेक चित्र घेऊन टिपली. पडद्यावर अंकुराचा वेल पाहता पाहता झाला! कॅमेऱ्याचा स्वभाव ठाऊक असल्यावाचून ही किमया सुचत नाही.

आज साधन संगणक आहे. तरी निरनिराळ्या वेळी टिपलेली चित्रे एका चौकटीत बसविताना प्रकाशाची दिशा, सावली आणि भिंगाची दृष्टी जुळली नाही, तर प्रेक्षकाचा डोळा फसत नाही. म्हणून विद्यापीठात रेखाटन, छायाचित्रण व थोडे गणित पक्के करावे. सॉफ्टवेअर काय, दर काही वर्षांनी बदलतेच. नोकरी देणारे पदवीआधी उमेदवाराची ‘शोरील’ पाहतात. तीत आपला वाटा नेमका किती, हे प्रामाणिकपणे सांगावे लागते.

धंदा बेभरवशाचा आहे, हेही मी त्याला सांगितले. ‘लाइफ ऑफ पाय’मधील वाघ घडविणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळाले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सध्या वाटाण्याची कुंडी आहे, आणि तिच्यासमोर कॅमेरा.